संगणक-स्मृती व हार्डवेअर उद्योगांचे समभाग : भाव, मूल्य आणि पारख

चेन्नईच्या उत्तरेस, आंध्र प्रदेशाच्या सीमेलगत, कोलकात्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर गुम्मिडिपूंडी हे तिरुवळ्ळूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. तामिळनाडूच्या उद्योग प्रोत्साहन महामंडळाची, म्हणजे 'सिपकॉट'ची, येथील वसाहत पोलाद, ओतकाम आणि यंत्रभागांच्या कारखान्यांसाठी ओळखली जाते. महाराष्ट्रात औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतींनी जे काम केले, तेच काम तामिळनाडूत १९७१ पासून सिपकॉट करीत आले आहे. याच गुम्मिडिपूंडी तालुक्यातील मनल्लूर येथे केंद्र शासनाच्या सुधारित इलेक्ट्रॉनिक्स निर्मिती समूह योजनेखाली नव्या वसाहतीची आखणी झाली. १ एप्रिल २०२० रोजी अधिसूचित झालेल्या या योजनेसाठी ३,७६२ कोटी रुपयांची तरतूद होती. जमीन, रस्ते, वीज, पाणी व सामाईक सुविधा शासनाच्या साहाय्याने आधी उभ्या कराव्यात आणि मग त्या जागी कारखाने यावेत, असे तिचे सूत्र आहे.

अशा घोषणा झाल्या की दोन बाजारांत हालचाल होते. पहिला बाजार जमिनीचा, मालाचा आणि मजुरीचा. दुसरा बाजार समभागांचा. पहिल्या बाजारात कारखाना उभा राहण्यास काही वर्षे लागतात. दुसऱ्या बाजारात त्या कारखान्याच्या पुढील वीस वर्षांच्या नफ्याची किंमत एका दुपारी ठरविली जाते. ही किंमत वाजवी आहे की अवाजवी, हे कसे ओळखावे? संगणकाची स्मृती आणि हार्डवेअर या उद्योगांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक कठीण होतो, कारण या उद्योगात स्वस्त दिसणारा समभाग बहुधा महाग असतो आणि महाग दिसणारा समभाग कधी कधी स्वस्त असतो. हे कोडे उलगडणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भाव आणि मूल्य

समभाग म्हणजे कंपनीच्या मालकीचा अंश. त्या अंशावर भविष्यात जे उत्पन्न मिळणार आहे, त्याचे आजच्या पैशांतील मोल म्हणजे त्या समभागाचे मूल्य. बाजारात ज्या रकमेला त्याची खरेदी-विक्री होते, तो भाव. भाव रोज दिसतो. मूल्य मात्र अनुमानाने काढावे लागते. भाव मूल्याच्या फार वर गेला की समभाग अतिमूल्यांकित झाला, असे म्हणतात.

पारख करण्याची सर्वांत प्रचलित पट्टी म्हणजे किंमत-प्राप्ती गुणोत्तर; बाजारात ते पी-ई या नावाने ओळखले जाते. समभागाच्या भावाला प्रतिसमभाग नफ्याने भागले की हे गुणोत्तर मिळते. भाव ३०० रुपये आणि वार्षिक नफा १५ रुपये असेल, तर गुणोत्तर २० येते. साबण, टूथपेस्ट किंवा औषधे विकणाऱ्या कंपनीचा नफा दरवर्षी फारसा बदलत नाही. त्यामुळे तेथे ही पट्टी बऱ्यापैकी उपयोगी पडते. या पट्टीत एक गृहीतक मात्र दडलेले असते : गेल्या वर्षीचा नफा हा कंपनीच्या नेहमीच्या नफ्याचा नमुना आहे. स्मृती-उद्योगात नेमके हेच गृहीतक कोसळते.

तंत्रज्ञान नवे, स्वभाव कांद्याचा

संगणकात मुख्यतः दोन प्रकारची स्मृती वापरली जाते. वीज असेपर्यंतच माहिती धरून ठेवणारी ती डीरॅम आणि वीज गेल्यावरही माहिती जपणारी ती नँड फ्लॅश. डीरॅमच्या अनेक चकत्या एकावर एक रचून तयार केलेली एचबीएम ही अतिवेगवान स्मृती कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संगणकांसाठी लागते. तंत्रज्ञान अत्यंत प्रगत असले, तरी आर्थिक दृष्ट्या साधी डीरॅम हा शेतमालासारखा एकजिनसी माल आहे. एका कंपनीची ठरावीक मापाची चिप दुसऱ्या कंपनीच्या त्याच मापाच्या चिपेची जागा सहज घेऊ शकते. त्यामुळे विक्रेत्याला मनाप्रमाणे किंमत ठरविता येत नाही. ती मागणी-पुरवठ्यावर ठरते.

नाशिक जिल्ह्यातील लासलगावच्या बाजारसमितीतील कांद्याचे भाव ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे चक्र समजावून सांगावे लागत नाही. एका हंगामात भाव कडाडले की पुढील हंगामात लागवड वाढते. सर्वांचा माल एकदम बाजारात येतो, भाव कोसळतो, लागवड घटते आणि पुन्हा टंचाई येते. अर्थशास्त्रात या चक्रास कोळिष्टक सिद्धान्त म्हणतात. हे नाव १९३४ मध्ये निकोलस काल्डोर यांनी रूढ केले. आजचा भाव पाहून उत्पादनाचा निर्णय घेतला जातो, परंतु माल हाती येईपर्यंत परिस्थिती बदललेली असते, हे त्याचे मर्म. कांद्याला काही महिने लागतात. स्मृती-चिपेचा नवा कारखाना उभारून त्यातून पुरेसे उत्पादन निघण्यास दोन ते तीन वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. म्हणून येथील हेलकावे अधिक मोठे आणि अधिक लांबीचे असतात.

दुसरे कारण स्थिर खर्चाचे आहे. चिपेच्या कारखान्यात अब्जावधी डॉलर आधीच गुंतलेले असतात. त्या मानाने आणखी एक चिप बनविण्याचा बदलता खर्च अल्प असतो. भाव सरासरी खर्चाच्या खाली गेला, तरी बदलता खर्च भरून निघत आहे तोवर उत्पादन चालू ठेवणेच कंपनीच्या हिताचे ठरते. पाठ्यपुस्तकातील 'उत्पादन थांबविण्याचा बिंदू' तो हाच. प्रत्येक कंपनी असा शहाणपणाचा निर्णय घेते आणि सर्वांच्या शहाणपणातून मालाचा महापूर येतो. या पुरात कंपन्या वाहूनही गेल्या आहेत. जर्मनीची किमोंडा जानेवारी २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली. जपानची एल्पिडा फेब्रुवारी २०१२ मध्ये त्याच वाटेने गेली आणि २०१३ मध्ये अमेरिकेच्या मायक्रॉनने ती ताब्यात घेतली. डीरॅमच्या जागतिक बाजारावर त्यानंतर दक्षिण कोरियाच्या सॅमसंग व एसके हायनिक्स आणि अमेरिकेची मायक्रॉन या तिघांचे वर्चस्व राहिले.

गुणोत्तराचा चकवा

मायक्रॉन ही केवळ परदेशी कंपनी म्हणून पाहण्याचे कारण नाही. गुजरातमधील साणंद येथे चिपांची जुळवणी व चाचणी करणारा तिचा प्रकल्प जून २०२३ मध्ये जाहीर झाला. त्याच्या २७५ कोटी डॉलरच्या एकूण खर्चात कंपनीचा वाटा ८२.५ कोटी डॉलरपर्यंत आहे. प्रकल्पखर्चाच्या ५० टक्के साहाय्य केंद्राचे व २० टक्के गुजरात राज्याचे आहे. भारतीय करदात्यालाही म्हणून या उद्योगाचे चक्र समजून घेणे अगत्याचे आहे. कंपनीचे वित्तीय वर्ष ऑगस्टअखेरीस किंवा सप्टेंबरच्या आरंभी संपते. तिचे आकडे पुढीलप्रमाणे आहेत.

तक्ता : मायक्रॉनचा महसूल व निव्वळ नफा (अब्ज डॉलर)
२०१८ : महसूल ३०.३९, नफा १४.१४
२०१९ : महसूल २३.४१, नफा ६.३१
२०२० : महसूल २१.४४, नफा २.६९
२०२२ : महसूल ३०.७६; नफा ८.६९
२०२३ : महसूल १५.५४, तोटा ५.८३
२०२४ : महसूल २५.११; नफा ०.७८
२०२५ : महसूल ३७.३८, नफा ८.५४

या तक्त्यातील दोन क्षण विशेष अभ्यासण्याजोगे आहेत. मे २०१८ मध्ये मायक्रॉनचा समभाग ६० डॉलरच्या वर होता आणि त्या वित्तीय वर्षाचा प्रतिसमभाग नफा साडेअकरा डॉलर झाला. गुणोत्तर सुमारे ५ पट! कोणत्याही प्राथमिक पुस्तकाच्या निकषावर हा समभाग मातीमोल भावात मिळत होता. प्रत्यक्षात डिसेंबर २०१८ अखेर तो सुमारे निम्म्यावर आला, कारण नफ्याने शिखर गाठले होते आणि बाजाराला उतार दिसू लागला होता.

दुसरा क्षण याच्या नेमका उलट आहे. २०२३ या वित्तीय वर्षात कंपनीला जबर तोटा झाला. तोट्यात किंमत-प्राप्ती गुणोत्तर काढताच येत नाही. पट्टीच निकामी होते. तथापि डिसेंबर २०२२ अखेर सुमारे ५० डॉलर असलेला समभाग डिसेंबर २०२३ अखेर सुमारे ८५ डॉलरवर गेला. त्याच २०२३ या वर्षात एसके हायनिक्सला ७.७३ लाख कोटी वॉन इतका परिचालन तोटा झाला आणि २०२४ मध्ये तिने २३.४७ लाख कोटी वॉन परिचालन नफा मिळविला.

निष्कर्ष सरळ आहे. चक्रीय उद्योगात गुणोत्तराचा छेद, म्हणजे नफा, स्थिर नसतो. शिखरावरील नफ्याने भागले की समभाग स्वस्त दिसतो. तळातील नफ्याने भागले की महाग दिसतो. म्हणून गुणोत्तर किती आले, हे विचारण्याआधी त्याच्या छेदात कोणत्या वर्षाचा नफा घातला, हे विचारावे.

एक आकडेमोड

हाच विचार एका काल्पनिक कंपनीच्या आकड्यांवर पाहू. समजा, तिचे प्रतिसमभाग पुस्तकी मूल्य २०० रुपये आहे. गेल्या आठ वर्षांतील प्रतिसमभाग नफा अनुक्रमे ४०, १०, उणे २०, १५, २०, उणे १०, ४५ आणि ६० रुपये आहे. बाजारातील भाव ४८० रुपये आहे.

शेवटच्या वर्षाच्या नफ्यावर गुणोत्तर ८ येते. समभाग स्वस्त वाटतो. आता आठही वर्षांची बेरीज करावी. ती १६० रुपये येते. म्हणजे सरासरी नफा २० रुपये. या सरासरीवर गुणोत्तर २४ होते. पुस्तकी मूल्याशी भावाचे प्रमाण २.४ पट आणि भांडवलावरील सरासरी परतावा १० टक्के आहे.

अशा जोखमीच्या व्यवसायातून गुंतवणूकदाराची अपेक्षा किमान १२ टक्के परताव्याची आहे, असे मानू. वाढ शून्य धरल्यास मूल्य २० भागिले ०.१२, म्हणजे सुमारे १६७ रुपये. आता हीच आकडेमोड उलट दिशेने करावी. ४८० रुपये हा भाव योग्य ठरण्यासाठी कंपनीला दरवर्षी किती नफा व्हावा लागेल? ४८० गुणिले ०.१२, म्हणजे ५७ रुपये ६० पैसे. इतका नफा कंपनीने आठ वर्षांत एकदाच, शेवटच्या वर्षी मिळविला आहे. म्हणजे बाजार असे गृहीत धरीत आहे की, कंपनीचे सर्वोत्तम वर्ष हेच यापुढे तिचे नेहमीचे वर्ष असेल.

'परंतु कंपनी वाढणार आहे', असा आक्षेप येथे घेतला जाईल. त्याचेही उत्तर आकड्यांत आहे. १० टक्के परतावा मिळविणाऱ्या कंपनीला दरवर्षी ५ टक्के वाढायचे, तर निम्मा नफा पुन्हा व्यवसायात घालावा लागेल. भागधारकाच्या हाती १० रुपये उरतील. वाढीच्या सूत्रानुसार मूल्य १० भागिले (०.१२ वजा ०.०५), म्हणजे सुमारे १४३ रुपये येते. वाढ नसतानाच्या १६७ रुपयांपेक्षाही ते कमी आहे! भांडवलावरील परतावा भांडवलाच्या खर्चापेक्षा कमी असेल, तर वाढ मूल्य निर्माण करीत नाही. ती मूल्य गिळते. परीक्षार्थींनी हे विधान कारणासह लक्षात ठेवावे.

'या वेळी वेगळे आहे' असे म्हटले जाते तेव्हा

२०२५ मध्ये स्मृती-चिपांचे भाव झपाट्याने चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या माहितीकेंद्रांना लागणाऱ्या एचबीएमकडे उत्पादक वळले आणि साध्या डीरॅमची टंचाई निर्माण झाली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा चेन्नईच्या रिची स्ट्रीटवर संगणकाची रॅम घेण्यास गेलेल्या ग्राहकालाही ही झळ पोहोचली. वर्षभरात मायक्रॉनचा समभाग तिपटीहून अधिक वाढला. नोव्हेंबर २०२५ मध्ये संपलेल्या एका तिमाहीत कंपनीचा महसूल १३.६४ अब्ज डॉलर व नफा ५.२४ अब्ज डॉलर झाला. २०२३ च्या पूर्ण वर्षातील महसुलाशी ही तिमाही तोलून पाहिली म्हणजे चक्राची ताकद कळते.

हा भाव अवाजवी मानावा काय? केवळ चढला म्हणून तो अवाजवी ठरत नाही. उद्योगाची रचनाच बदलली असेल, तर जुन्या सरासरीवर विसंबणे ही उलट बाजूची चूक ठरेल. बदलाच्या बाजूने काही सबळ मुद्दे आहेत. उत्पादक मोजके उरले आहेत. एचबीएम ग्राहकाच्या रचनेशी जुळवून बनवावी लागते आणि तिची विक्री बव्हंशी आगाऊ करारांनी होते. त्यामुळे ती साध्या डीरॅमइतकी एकजिनसी राहत नाही. विरुद्ध बाजूचे मुद्देही तितकेच वजनदार आहेत. चढ्या भावामुळे तिन्ही कंपन्या नव्या कारखान्यांत पैसा ओतीत आहेत, चीनमधील उत्पादक आपली क्षमता वाढवीत आहेत आणि मागणीचा मोठा भाग मोजक्या माहितीकेंद्र-कंपन्यांच्या खर्चावर अवलंबून आहे. त्यांनी हात आखडता घेतला, तर आगाऊ करारही पुन्हा वाटाघाटीस येऊ शकतात.

वरील काल्पनिक कंपनीच्या भाषेत सांगायचे, तर सरासरी नफा २० रुपयांऐवजी ४० रुपये झाला आहे, असे मानल्यास मूल्य सुमारे ३३३ रुपये येते. ६० रुपये झाला आहे, असे मानल्यास ५०० रुपये येते. म्हणजे वाद भावाचा नसून सरासरीचा आहे. समभाग महाग आहे की नाही, या प्रश्नाचे प्रामाणिक रूप असे : पुढील पूर्ण चक्रातील सरासरी नफा किती असेल आणि त्याला आधार काय?

उद्योग वाढतो, भागधारक तेथेच राहतो

उद्योगाचे भविष्य उज्ज्वल असणे आणि समभागाचा भाव वाजवी असणे, या भिन्न गोष्टी आहेत. अमेरिकेतील सिस्को ही इंटरनेटच्या जाळ्याची यंत्रे बनविणारी कंपनी मार्च २००० मध्ये काही काळ जगातील सर्वाधिक बाजारमूल्याची कंपनी होती. समभाग ८० डॉलरच्या आसपास होता. ऑक्टोबर २००२ मध्ये तो १० डॉलरच्या खाली आला. कंपनी बुडाली नव्हती. तिचा महसूल २००० मधील सुमारे १९ अब्ज डॉलरवरून २०१० मध्ये सुमारे ४० अब्ज डॉलरवर गेला. इंटरनेट जगभर पसरेल, हे भाकीतही अक्षरशः खरे ठरले. तरीही मार्च २००० मधील भाव पुन्हा गाठण्यास समभागाला डिसेंबर २०२५ उजाडावा लागला.

भारतातील उदाहरण मोझर बेअरचे आहे. माहिती साठविण्याच्या तबकड्यांच्या, म्हणजे सीडी व डीव्हीडीच्या, उत्पादनात ही कंपनी जगातील अग्रगण्य उत्पादकांपैकी एक होती. मालाचा दर्जा हे तिच्या संकटाचे कारण नव्हते. पेन ड्राइव्ह आणि इंटरनेट यांनी तबकडीची गरजच संपविली. सौरऊर्जेकडे वळूनही कंपनी सावरली नाही. २०१७ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली व २०१८ मध्ये अवसायनाचा आदेश झाला. हार्डवेअरच्या समभागाचे मूल्य काढताना तंत्रज्ञान कालबाह्य होण्याचा धोका नफ्याच्या अंदाजात धरावाच लागतो, हा यातील धडा.

भारतीय समभाग : तीन खास प्रश्न

भारतात स्मृती-चिपांचे मूळ उत्पादन करणारी मोठी सूचीबद्ध कंपनी नाही. येथील गुंतवणूकदार 'हार्डवेअर' म्हणून जे समभाग घेतो, ते प्रामुख्याने जुळवणी करणाऱ्या, सर्व्हर बनविणाऱ्या किंवा वितरण करणाऱ्या कंपन्यांचे असतात. तेथे तीन प्रश्न विचारावे लागतात.

पहिला प्रश्न नफ्याच्या प्रमाणाचा. १९९७ मध्ये भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत संगणक व त्याच्या अनेक भागांवरील आयात शुल्क शून्यावर आले. ग्राहकाला स्वस्त संगणक मिळाले. देशी उत्पादकाचा नफा मात्र पातळ झाला. आजही जुळवणीच्या व्यवसायात विक्रीवरील नफ्याचे प्रमाण सहसा एक अंकी असते. अशा व्यवसायाला सॉफ्टवेअर कंपनीचे गुणोत्तर लावण्यासाठी फार भक्कम कारण हवे.

दुसरा प्रश्न शासकीय प्रोत्साहनाचा. मे २०२३ मध्ये मंजूर झालेल्या माहिती तंत्रज्ञान हार्डवेअरच्या दुसऱ्या उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजनेची तरतूद १७,००० कोटी रुपयांची, तर मार्च २०२५ मधील इलेक्ट्रॉनिक घटक निर्मिती योजनेची २२,९१९ कोटी रुपयांची होती. अशा योजनांना मुदत असते. समजा, एखाद्या कंपनीच्या १०० कोटी रुपयांच्या नफ्यात ३० कोटी प्रोत्साहनाचे आहेत आणि ते आणखी चार वर्षे मिळणार आहेत. १२ टक्के दराने त्यांचे आजचे मोल सुमारे ९१ कोटी रुपये होते. बाजाराने मात्र संपूर्ण नफ्याला ४० पटीचे गुणोत्तर लावले, तर त्याच ३० कोटींची किंमत १,२०० कोटी रुपये धरली जाते. मुदतीचे उत्पन्न कायमचे मानल्याने झालेला हा फुगवटा आहे.

तिसरा प्रश्न नावाचा आणि उपलब्ध समभागांचा. मुंबईच्या आरआरपी सेमीकंडक्टर या कंपनीचा समभाग एप्रिल २०२४ मध्ये वीस रुपयांच्या आसपास होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो अकरा हजार रुपयांच्या वर गेला. दररोज वरच्या मर्यादेला भाव अडकण्याची मालिका दीर्घकाळ चालली. याच सुमारास कंपनीने स्वतः शेअर बाजाराला कळविले की, तिने सेमीकंडक्टरचे उत्पादन सुरू केलेले नाही आणि शासकीय योजनेखाली अर्जही केलेला नाही. बहुतांश समभाग मोजक्या धारकांकडे असल्याने बाजारात फिरणारे समभाग अत्यल्प होते. पुढे या समभागातील व्यवहार आठवड्यातून एकदाच होतील, असे बंधन आले. यातून कोणावर दोषारोप करण्याचे कारण नाही. मूल्यमापनाचा धडा तेवढा घ्यावा. विक्रीस समभागच नसतील, तर भाव हा मूल्याचा पुरावा राहत नाही. आणि कंपनीच्या नावातील शब्द हा तिचा व्यवसाय नव्हे. व्यवसाय ताळेबंदात शोधावा लागतो.

पारखीची सूत्रे

१. एका वर्षाचा नफा न घेता किमान एका पूर्ण चक्राचा, म्हणजे सात-आठ वर्षांचा, सरासरी नफा घ्यावा.

२. भावाची तुलना पुस्तकी मूल्याशी आणि तसाच कारखाना आज नव्याने उभारण्याच्या खर्चाशी करावी. जेम्स टोबिन यांचे 'क्यू' गुणोत्तर याच विचारावर उभे आहे. ते १ पेक्षा बरेच अधिक असेल, तर नवे कारखाने येणार आणि नफा घटणार, हे ओघानेच आले.

३. मालसाठा पाहावा. विक्रीच्या तुलनेत मालसाठा फुगू लागला, तर मंदीची चाहूल नफ्याच्या आकड्यांआधी लागते.

४. कागदी नफ्यासोबत हाती येणारी रोख रक्कम पाहावी. या उद्योगात यंत्रे लवकर जुनी होतात; नफ्याचा मोठा भाग ती बदलण्यातच खर्च होतो.

५. प्रोत्साहनाची रक्कम व एकवेळचे उत्पन्न वेगळे काढून उरलेल्या नफ्यालाच गुणोत्तर लावावे.

६. उलट आकडेमोड करावी : आजचा भाव खरा ठरण्यास काय काय घडावे लागेल? ते कंपनीच्या इतिहासात कधी घडले आहे काय?

७. बाजारात प्रत्यक्ष फिरणारे समभाग किती, हे तपासावे.

ही सूत्रे भाव केव्हा घसरेल, हे सांगत नाहीत. अवाजवी भाव अनेक महिने टिकू शकतो व आणखी चढूही शकतो. भाव कोणत्या गृहीतकावर उभा आहे, एवढेच ती दाखवितात.

धोरणाच्या दृष्टीने

हा प्रश्न केवळ गुंतवणूकदारापुरता नाही. ११ फेब्रुवारी २००० रोजी मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक ५,९३३ वर बंद झाला होता. २१ सप्टेंबर २००१ रोजी तो २,६०० पर्यंत उतरला. तंत्रज्ञान समभागांच्या त्या लाटेनंतर जुलै २००१ मध्ये युनिट ट्रस्टला 'यूएस-६४' या योजनेतील विक्री व पुनर्खरेदी थांबवावी लागली. ही योजना सुरक्षित समजून निवृत्तीची पुंजी तीत ठेवणारी असंख्य मध्यमवर्गीय कुटुंबे त्या वेळी अडचणीत आली. २०२५ मध्ये देशातील डीमॅट खात्यांची संख्या २० कोटींच्या वर गेली आणि नोंदणीकृत गुंतवणूकदारांच्या संख्येत महाराष्ट्र राज्यांमध्ये अग्रस्थानी राहिला. बचतीचा ओघ बँकेतून बाजाराकडे वळत असताना मूल्यमापनाचे भान हा आर्थिक साक्षरतेचा भाग ठरतो.

भांडवलाच्या वाटपाचा प्रश्नही यात आहे. भाव मूल्याला धरून असेल, तर बचत उत्पादक उद्योगाकडे जाते. भाव भरकटला, तर ज्याच्या नावात आकर्षक शब्द आहे त्याला पैसा मिळतो आणि खऱ्या कारखान्याला तो महाग पडतो. फुगा फुटल्यावर बसणारा अविश्वासाचा फटका मात्र दोघांनाही बसतो.

समारोप

गुम्मिडिपूंडीसारख्या ठिकाणी वसाहती उभ्या राहाव्यात, चिपांबाबतचे परावलंबन घटावे आणि तरुणांना कुशल रोजगार मिळावा, हे राष्ट्रीय हिताचेच आहे. तथापि कारखाना देशाला हवा आहे, यावरून त्याचा समभाग कोणत्याही भावाला घेण्याजोगा आहे, असे सिद्ध होत नाही. कारखान्याचे समर्थन रोजगार, तंत्रज्ञान व सुरक्षितता यांच्या आधारे होते. समभागाचे समर्थन एका पूर्ण चक्रातील सरासरी नफ्यानेच होऊ शकते. लासलगावचा अनुभवी शेतकरी एका चढ्या हंगामाचा भाव धरून पुढील दहा वर्षांचे कर्ज काढीत नाही. समभागाच्या खरेदीदारानेही तीच सावधगिरी बाळगली, तर तेजीचे वर्ष त्याला भुलविणार नाही आणि मंदीचे वर्ष त्याला घाबरविणार नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. चक्रीय उद्योगात किंमत-प्राप्ती गुणोत्तर कमी असणे हे धोक्याचे लक्षण का ठरू शकते? उदाहरणासह स्पष्ट करा.

२. कोळिष्टक सिद्धान्ताच्या आधारे कांदा व स्मृती-चिप यांच्या किमतीतील चढउतारांची तुलना करा.

३. 'भांडवलावरील परतावा भांडवलाच्या खर्चाहून कमी असल्यास वाढ मूल्य घटविते.' या विधानाची आकडेमोडीसह चर्चा करा.

४. मुदतीच्या शासकीय प्रोत्साहनाचा कंपनीच्या मूल्यमापनात विचार कसा करावा?